लिनक्सचा डेस्कटॉप : निवड आणि वहिवाट

प्रस्तावना

१

पूर्वीच्या पेढ्यांवर मुनीमजींच्या पुढ्यात उतरत्या झाकणाचे जे लाकडी डेस्क असे, त्याच्या पोटात बोरू-दौतीचा एक कप्पा, हुंड्या-पावत्यांचा दुसरा, शिक्क्याचा तिसरा अशी मांडणी असे. ही मांडणी सुताराने घडविलेली नसून तेथे बसणाऱ्याच्या हाताने, वर्षानुवर्षांच्या वहिवाटीने ठरविलेली असे. आणि म्हणूनच पेढी तीच, वह्या त्याच, हिशेबाचा शिरस्ताही तोच असताना एका मुनीमाच्या डेस्कावर दुसऱ्याला बसविले की पहिले आठ-दहा दिवस त्याचा हात चाचपडत राही. कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात ज्यांनी संगणकाच्या पडद्यावर कागद, फायली आणि टपालाची टोपली यांची चित्रे मांडण्याची कल्पना साकार केली, त्यांच्या डोळ्यांपुढे अर्थातच अमेरिकेतील कचेरीचे टेबल होते; परंतु १९८१ साली बाजारात आलेल्या 'स्टार' या संगणकाने जे तत्त्व जगापुढे ठेवले, ते आमच्या मुनीमाला परके वाटले नसते. यंत्र कितीही बलवान असो, माणूस काम करतो ते आपल्या पुढ्यातील मांडणीवर, आणि ती हाताच्या सरावाची असेल तरच यंत्राचे बळ त्याच्या कामी येते.

हा ग्रंथ त्या मांडणीविषयी आहे. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात ही मांडणी, जिला आज सर्वत्र 'डेस्कटॉप' हेच नाव रूढ झाले आहे, यंत्रणेपासून वेगळी काढता येते, बदलता येते, एकाच यंत्रावर दोन-तीन मांडण्या शेजारी शेजारी नांदविता येतात, आणि सकाळचे काम एकीत व संध्याकाळचे दुसरीत करण्यास कोणाचीही परवानगी लागत नाही. विंडोज किंवा मॅक यांच्या सहवासात वाढलेल्या माणसाला ही मुभा प्रथमदर्शनी अनाकलनीय वाटते, कारण तेथे यंत्रणा आणि मांडणी एकाच कारखान्यातून एकजीव होऊन येतात आणि त्यांत मूलभूत फेरफार करण्याचा अखत्यार कारखान्याचाच असतो. लिनक्सकडे वळणाऱ्यापुढे मात्र पहिल्याच दिवशी ग्नोम घ्यावे की केडीई, सिनॅमन बरे की एक्सएफसीई, असा प्रश्न येऊन उभा राहतो, आणि बहुधा तो एखाद्या जाणत्या मित्राच्या आवडीनिवडीवर सोपवून मोकळे होण्याकडे त्याचा कल असतो. मित्राची आवड उत्तम असू शकेल. पण ती मित्राच्या हाताला, त्याच्या यंत्राला आणि त्याच्या कामाला बेतलेली असते. ज्याला रोज सहा-आठ तास त्या मांडणीवर बसायचे आहे त्याने ही निवड स्वतः, समजून-उमजून करावी, आणि ती चुकली असे वाटल्यास निर्भयपणे बदलावी, एवढेच या ग्रंथाचे सांगणे आहे. परंतु एवढे सांगण्यासाठी निवडीचा हा हक्क कोठून आला, कोणी मिळवून दिला आणि कशाच्या बळावर टिकून आहे, याची कैफियत प्रथम मांडणे अवश्य आहे.

२

पडद्यावर जे एकसंध दिसते ते वस्तुतः अनेक थरांचे बांधकाम असते. सर्वांत तळाशी असलेला कर्नल प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचा बंदोबस्त ठेवतो, पण पडद्यावरील खिडक्यांची त्याला काहीच वार्ता नसते. त्याच्या वर पडद्याचा कारभारी बसतो. कोणत्या प्रोग्रामला पडद्यावर जागा द्यायची आणि कीबोर्ड-माउसचे इशारे कोणापर्यंत पोहोचवायचे, हे त्याचे काम. खिडक्यांना चौकट व शीर्षक देणे, त्या हलविणे, एकीवर दुसरी ठेवणे ही कामे विंडो मॅनेजर करतो. त्यानंतर पॅनेल, मेनू, फाइल मॅनेजर, सेटिंग्ज, सूचना पोहोचविणारा आणि पडद्याला कुलूप घालणारा असे लहानमोठे कारकून येतात. आणि या सर्वांना लागणारी बटणे, याद्या व चौकटी ज्या साच्यांतून निघतात त्या साच्यांच्या संचाला टूलकिट म्हणतात, ज्यांत जीटीके आणि क्यूटी हे दोन प्रमुख आहेत. या सगळ्या थरांचा मेळ जमवून, एका शिस्तीने व एका रूपाने वापरणाऱ्यापुढे ठेवलेला जो संच, तो डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट होय.

हे थर सुटे का राहिले, याचे उत्तर १९८४ साली अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात जन्मलेल्या एक्स विंडो सिस्टिममध्ये सापडते. रॉबर्ट शाइफ्लर, जिम गेटिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती रचताना स्वतःला एक दंडक घालून घेतला होता : साधन पुरवावे, धोरण ठरवू नये. खिडकी काढण्याचे साधन एक्स देईल. पण त्या खिडकीला चौकट कशी असावी, ती कोणत्या खुणेने बंद व्हावी, मेनू वर असावा की खाली, हे ठरविणे तिने कटाक्षाने वरच्या थरांवर सोडले. १९८७ साली आलेली तिची अकरावी आवृत्ती, जिला एक्स-११ म्हणतात, तीन दशकांहून अधिक काळ युनिक्स व लिनक्सच्या पडद्यांवर अंमल गाजवीत राहिली, आणि लिनक्सच्या डेस्कटॉपातील सर्व वैविध्य व सर्व बेबनाव या एका निर्णयाच्या पोटी जन्मले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

३

१९९१ साली हेलसिंकी येथे लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा कर्नल प्रसिद्ध केला आणि त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत ज्यांनी तो आपल्या घरच्या संगणकावर बसविला, त्यांच्या पडद्यावर डेस्कटॉप असा नव्हताच. टीडब्ल्यूएम, एफव्हीडब्ल्यूएम अशा विंडो मॅनेजरांपैकी एखादा असे, आणि त्याच्या चौकटीत निरनिराळ्या घरची पोरे एकत्र यावीत तसे प्रोग्राम येत : एकाची मजकूर उचलण्याची रीत दुसऱ्याला ठाऊक नसे, एकाचा स्क्रोलबार डावीकडे तर दुसऱ्याचा उजवीकडे. मोठ्या युनिक्स कंपन्यांनी, म्हणजे एचपी, आयबीएम, सन इत्यादींनी, १९९३ साली एकत्र येऊन कॉमन डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट, अर्थात सीडीई, घडविण्याचे ठरविले खरे. पण तो मालकीहक्काचा माल होता, आणि त्याचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, खुला होण्यास २०१२ साल उजाडावे लागले.

या अवस्थेत १४ ऑक्टोबर १९९६ रोजी जर्मनीतील ट्यूबिंगेन विद्यापीठाचे विद्यार्थी मथियास एट्रिख यांनी एक जाहीर आवाहन केले. विंडो मॅनेजर पुष्कळ झाले, आता प्रोग्रामाचा जाणकार नसलेल्या माणसालाही सुखाने वापरता येईल असा, एका रूपाचा, एका चालीचा संपूर्ण संच लिहू या, हे त्याचे सार होते. त्यातून केडीईचा जन्म झाला आणि १९९८ च्या जुलैत त्याची पहिली आवृत्ती बाहेर पडली. परंतु ते ज्या क्यूटी टूलकिटावर उभारले होते ती नॉर्वेतील ट्रोलटेक कंपनीची मिळकत होती, आणि तिच्या तेव्हाच्या करारनाम्यात सुधारित प्रत दुसऱ्यास देण्याची मुभा नव्हती. घर आपले, पण पाया परक्याचा, अशी ही स्थिती अनेकांना सहन होईना. डेबियन या लिनक्सच्या वितरणाने याच हरकतीमुळे केडीईला आपल्या संग्रहाबाहेर ठेवले, आणि १९९७ च्या ऑगस्टमध्ये मेक्सिकोतील मिगेल दे इकाझा व फेदेरिको मेना यांनी पायासकट मुक्त असा दुसरा डेस्कटॉप, म्हणजे ग्नोम, उभारण्याचा संकल्प सोडला. त्यासाठी त्यांनी जे टूलकिट निवडले ते जीटीके मुळात बर्कली येथील दोन विद्यार्थ्यांनी आपल्या गिंप या चित्रकामाच्या प्रोग्रामसाठी तयार केले होते. स्पर्धेचा इष्ट परिणाम असा झाला की २००० साली क्यूटीही जीपीएल या मुक्त परवान्याखाली आली आणि मूळ हरकत निकालात निघाली. तोवर मात्र दोन्ही घरे इतकी वर आली होती की त्यांचे एक घर होणे संभवनीय राहिले नव्हते.

दोन घरे राहणार हे निश्चित झाल्यावर मधला रस्ता बांधण्याचे शहाणपण त्याच साली सुचले. हॅवक पेनिंग्टन यांच्या पुढाकाराने फ्रीडेस्कटॉप हा सामाईक उपक्रम सुरू झाला, आणि प्रोग्रामचे नाव व चित्र कोठे नोंदवावे, वापरणाऱ्याच्या सेटिंग्ज कोणत्या फोल्डरात ठेवाव्यात, एका खिडकीतून उचललेला मजकूर दुसरीत कसा सोडावा, यांचे संकेत ठरत गेले. केडीईसाठी लिहिलेला प्रोग्राम आज ग्नोमच्या मेनूत निमूटपणे दिसतो आणि एक मांडणी सोडून दुसरीत जाताना आपली अवजारे बरोबर नेता येतात, याचे श्रेय या कोरड्या दिसणाऱ्या मसुद्यांना आहे. इतिहासात भांडणे लक्षात राहतात आणि करारनामे विसरले जातात. या विषयात तरी वाचकाने करारनाम्यांचे ऋण विसरू नये.

यानंतरचा मोठा क्षोभ २००८ ते २०११ या तीन वर्षांतला. २००८ च्या जानेवारीत केडीईने आपले चौथे पर्व, अंतर्रचना नव्याने बांधून, पण बरीच जुनी कामे अपुरी ठेवून लोकांपुढे आणले; २०११ च्या एप्रिलमध्ये ग्नोमने आपल्या तिसऱ्या पर्वात खालची खिडक्यांची पट्टी, मेनू आणि पडद्यावरची चित्रे काढून टाकली आणि काम करण्याची रीतच नवी सांगितली; त्याच महिन्यात उबुंटू या वितरणाने आपला 'युनिटी' हा स्वतंत्र डेस्कटॉप सर्वांच्या पुढ्यात ठेवला. कर्त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही; जुन्या पायावर नवे मजले चढत नसतात हे त्यांचे म्हणणेही खरे होते. पण वर्षानुवर्षांची ज्यांची सवय एका सकाळी निरुपयोगी ठरली, त्या लाखो हातांचाही एक पक्ष होता.

४

आपल्याकडच्या महसुली व्यवहारात 'वहिवाट' या शब्दाला जो अर्थ आहे, तो येथे मला फार उद्बोधक वाटतो. दुसऱ्याच्या शेतातून जाणारी पायवाट गावाने अनेक वर्षे बिनहरकत वापरली, की ती वापरण्याचाच एक हक्क उत्पन्न होतो, आणि शेताचा मालक बदलला तरी तो सहसा बुडत नाही. मालकीहक्काच्या सॉफ्टवेअरमध्ये असा हक्क कधीच उत्पन्न होत नाही : मांडणी दहा वर्षे वापरली असली तरी अकराव्या वर्षी कंपनीने ती मागे घेतली की वापरणाऱ्याजवळ अर्ज करण्यापलीकडे काही उरत नाही. मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना हा मात्र वापरणाऱ्याच्या हाती दिलेल्या सनदेसारखा असतो. २०११ साली ही सनद प्रत्यक्ष वटविली गेली. ग्नोमचे दुसरे पर्व बंद होताच अर्जेंटिनातील एका प्रोग्रामरने त्याचा मूळ मजकूर उचलून 'माटे' या नावाने, जे तेथील एका लोकप्रिय पेयाचे नाव आहे, ते पुढे चालू ठेवले. लिनक्स मिंट या वितरणाच्या मंडळींनी ग्नोमच्या नव्या अंतर्रचनेवरच जुन्या वळणाचा 'सिनॅमन' उभारला. केडीईच्या तिसऱ्या पर्वाचा वारसा 'ट्रिनिटी'ने सांभाळला. आणि २०१७ साली उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी युनिटीचे काम थांबवून उबुंटू पुन्हा ग्नोमकडे नेण्याचे जाहीर केले, तेव्हा युनिटीच्या पुढच्या पिढीचे कामही स्वयंसेवकांनी उचलले.

या घटनांतून जो विचार मला मिळाला तो या ग्रंथाचा कणा आहे. सनद हाती असली म्हणजे वाट आपोआप मोकळी राहत नाही. दर पावसाळ्यानंतर तिच्यावरचे काटे कोणाला तरी तोडावे लागतात. माटे आज वापरता येते ते परवान्यामुळे शक्य झाले, पण टिकले ते वर्षामागून वर्षे त्याची दुरुस्ती करीत राहिलेल्या माणसांमुळे. म्हणून डेस्कटॉप निवडताना त्याचे रूप पाहावे, त्याची चपळाई पाहावी, आणि त्याबरोबरच त्याच्या मागे राबणारे हात किती आणि किती सातत्याचे आहेत, याचीही रुजुवात करावी.

५

आज या क्षेत्रात जे प्रमुख संप्रदाय दिसतात त्यांचा मूळ भेद रंगरूपाचा नसून वापरणाऱ्याविषयीच्या कल्पनेचा आहे. ग्नोमचा संप्रदाय मानतो की चांगल्या मांडणीने माणसाचे चित्त कामावर ठेवावे, आणि म्हणून पर्याय जितके कमी तितका विक्षेप कमी. जो या शिस्तीला शरण जातो त्याला विलक्षण शांत असा पडदा लाभतो, आणि ज्याला ती मानवत नाही त्याला जोडपट्ट्यांचा, म्हणजे एक्स्टेंशनांचा, आधार घ्यावा लागतो, ज्या पुढच्या आवृत्तीबरोबर अनेकदा निकामी होतात. केडीईचा प्लाझ्मा, ज्याचे सहावे पर्व २०२४ च्या फेब्रुवारीत आले, याच्या उलट टोकाचा : माणसाच्या सवयी अनंत आहेत, तेव्हा मांडणीने त्यांना जागा करून द्यावी ही त्याची श्रद्धा, त्यामुळे त्यात पट्टी कोणत्याही काठावर नेता येते आणि प्रत्येक खिडकीला स्वतंत्र नियम लावता येतो, मात्र या विपुलतेत नवखा माणूस पहिले काही दिवस हरवतो. खेळांसाठी हाती धरायच्या 'स्टीम डेक' या यंत्राने २०२२ पासून आपल्या डेस्कटॉपासाठी प्लाझ्माच स्वीकारल्याने, ज्यांनी लिनक्सचे नावही ऐकले नव्हते अशा खेळाडूंच्या हातीही तो गेला आहे.

तिसरा संप्रदाय परंपरेचा. फ्रान्समधील ओलिव्हिए फूर्दाँ यांनी १९९६ सालीच सीडीईच्या धर्तीवर आरंभिलेला एक्सएफसीई, तसेच माटे आणि सिनॅमन हे या पंथाचे. पट्टी, मेनू, खिडकी यांचा जो मेळ लोकांच्या हाताला बसला आहे तो विनाकारण मोडू नये, हे यांचे व्रत, आणि विंडोजकडून येणाऱ्या माणसाला यांच्या ओसरीवर सर्वांत लवकर घरपण वाटते. चौथा पंथ अल्पसंतोषाचा : २००६ साली तैवानात सुरू झालेला एलएक्सडीई आणि २०१३ साली रेझर-क्यूटी या दुसऱ्या डेस्कटॉपाशी एकत्र येऊन त्यातून पुढे आलेला एलएक्सक्यूटी हे जुन्या, अशक्त यंत्रांचा कैवार घेतात. येथे एक इशारा मात्र दिला पाहिजे. हलक्या डेस्कटॉपाने वाचविलेली मेमरी आजचा वेब ब्राउझर पाच-सहा पाने उघडताच गिळून टाकतो, तेव्हा अशक्त यंत्राचे सगळे दुखणे मांडणी बदलून बरे होईल ही आशा धरू नये. पाचवा पंथ आय-थ्री, स्वे, एक्समोनॅड अशा टायलिंग विंडो मॅनेजरांचा, ज्यांत खिडक्या एकमेकींवर न पडता फरशांसारख्या शेजारी शेजारी बसतात आणि बहुतेक कारभार कीबोर्डावरून चालतो. दिवसभर लेखन किंवा प्रोग्रामिंग करणाऱ्यांची त्यावर जी निष्ठा असते तिच्यामागे हाताच्या अनुभवाचा पुरावा असतो, आणि प्रारंभीचा अभ्यास मात्र कष्टाचा असतो.

या पाचांत न बसणारा एक प्रयोग महाराष्ट्राशी निगडित असल्यामुळे नमूद करतो. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक योजनेसाठी 'शुगर' नावाची जी मांडणी घडविण्यात आली, तिच्यात कचेरीच्या टेबलाची कल्पनाच टाकून दिली होती : फायली आणि फोल्डर यांच्या जागी मुलाने आज काय केले, कोणाबरोबर केले, याची रोजनिशी होती. भारतातील तिचा पहिला प्रयोग २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या एका लहानशा वाडीतील शाळेत झाला. योजनेचे पुढे काय झाले हा वेगळा विषय आहे. पण ज्या मुलांनी कचेरी पाहिलीच नाही त्यांच्यापुढे कचेरीचे टेबल का मांडावे, हा शुगरने विचारलेला प्रश्न आजही डेस्कटॉप रचणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारण्याजोगा आहे.

६

मांडणी बदलण्याची क्रिया बाहेरून पाहता अगदी सोपी आहे. नवा डेस्कटॉप संगणकाच्या सॉफ्टवेअर-भांडारातून बसवावा, चालू सत्रातून बाहेर पडावे, आणि प्रवेशाच्या पानावर, पासवर्ड देण्यापूर्वी, कोपऱ्यात जे लहानसे चक्र किंवा यादी दिसते तीतून नवे नाव निवडावे. प्रत्येक डेस्कटॉप आपल्या नावाची एक छोटी नोंद-फाइल ठरलेल्या जागी ठेवतो आणि प्रवेशाचे पान ती वाचून यादी तयार करते, एवढेच त्यातले रहस्य.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात संगणकावर लिनक्सची नवी आवृत्ती बसविल्यानंतर पडद्याखालची पट्टी नाहीशी झाली, आणि वयोवृद्ध ग्रंथपालांनी यंत्र बिघडले असे समजून पुन्हा देवघेवीच्या वह्या काढल्या. मी तेथे गेलो तेव्हा यंत्रात बिघाड काहीच नव्हता; जुन्या वळणाचा दुसरा डेस्कटॉप बसवून प्रवेशाच्या पानावर त्याची निवड केली, आणि थोड्याच वेळात त्यांचा हात पूर्वीसारखा चालू लागला. त्यांची ग्रंथसूची, त्यांची पत्रे, सगळे जेथल्या तेथे होते. यंत्र आणि मांडणी या दोन निराळ्या गोष्टी आहेत एवढे एक वाक्य त्यांना कोणी आधी सांगितले असते तर त्या वह्या बाहेर निघाल्या नसत्या. हा ग्रंथ लिहिण्याची प्रेरणा मला त्या दिवशी मिळाली.

तथापि आतून पाहता ही क्रिया तितकी निरुपद्रवी नाही. सर्व डेस्कटॉप वापरणाऱ्याच्या एकाच घरात, म्हणजे त्याच्या होम फोल्डरात, आपापल्या नोंदी ठेवतात : केडीई साध्या मजकुराच्या अनेक फायलींत, तर ग्नोमच्या कुळातील मंडळी डीकॉन्फ या एकत्रित दप्तरात. परिणामी प्लाझ्मात निवडलेली रंगसंगती जीटीकेच्या प्रोग्रामांना चिकटून ग्नोममध्येही डोकावते, मेनूत एकाच कामाचे दोन-दोन प्रोग्राम उभे राहतात, फोटो भलत्याच प्रोग्रामात उघडतो. पासवर्डांची तिजोरीही दोन्ही घरांची वेगळी असते. काही ब्राउझर चालू मांडणी पाहून तिजोरी निवडत असल्यामुळे, मांडणी बदलताच साठविलेले पासवर्ड नाहीसे झाल्यासारखे वाटतात, वास्तविक ते दुसऱ्या तिजोरीत सुखरूप असतात. नको असलेला डेस्कटॉप काढतानाही त्याचे मुख्य नाव खोडल्याने त्याच्याबरोबर आलेले शेकडो भाग निघून जात नाहीत, त्यांची वेगळी झाडाझडती घ्यावी लागते. यांपैकी कोणतीही अडचण असाध्य नाही. आधी ठाऊक असली तर ती अडचणही राहत नाही. नव्या मांडणीची परीक्षा नव्या वापरकर्त्याच्या खात्यात, किंवा यूएसबीवरून चालणाऱ्या प्रतीत, घ्यावी, आणि मन स्थिर झाल्यावरच ती आपल्या खात्यात आणावी, हा या ग्रंथाने आरंभापासून धरलेला शिरस्ता आहे.

७

मराठीत लिहिणाऱ्याच्या दृष्टीने या निवडीला आणखी एक पदर आहे. देवनागरीची जोडाक्षरे पडद्यावर नीट उमटणे हा आता डेस्कटॉपाचा प्रश्न राहिलेला नाही, कारण ते काम हार्फबझसारख्या सर्वांच्या सामाईक भागाने पत्करले आहे. आणि रेड हॅट कंपनीच्या पुण्यातील कार्यालयात ज्यांच्यावर दीर्घकाळ काम झाले त्या लोहित फाँटांनी मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' यांचीही दखल घेतली. पण टंकनाची सोय मात्र मांडणीनुसार बदलते. ग्नोममध्ये २०१२ पासून आयबस ही टंकनाची यंत्रणा अंगभूत आहे, त्यामुळे मराठी इनस्क्रिप्ट असो की उच्चारानुसारी टंकन, भाषा जोडून ते चालू करण्यास पाच मिनिटे पुरतात. प्लाझ्माच्या नव्या, म्हणजे पुढे सांगितलेल्या वेलँडच्या, सत्रात तीच सोय 'व्हर्च्युअल कीबोर्ड' या अनपेक्षित शीर्षकाखाली शोधावी लागते. मराठी लेखकाने कोणत्याही मांडणीचे रूप पाहून भुलण्यापूर्वी तीत 'ज्ञानेश्वर', 'र्‍हस्व' आणि 'सुऱ्या' हे तीन शब्द टंकून पाहावेत. जेथे ते सहज उमटतात तेथे त्याचे लेखनही सहज चालेल. दृष्टिहीन वाचकाची कसोटी याहून कडक आहे, आणि पडदा वाचून दाखविणारा ओर्का कोणत्या मांडणीत किती भरवशाने बोलतो, याला या ग्रंथात रंगरूपाहून अधिक जागा दिली आहे.

हा विषय आजच मांडण्याची निकड दोन घटनांनी निर्माण केली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, म्हणजे एट्रिख यांच्या आवाहनाला बरोबर एकोणतीस वर्षे झाली त्या दिवशी, विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला, आणि नव्या विंडोजच्या टीपीएम २.० या सुरक्षा-चिपेसारख्या अटींत न बसणारी, पण अन्यथा धडधाकट अशी असंख्य यंत्रे घराघरांत व शाळाशाळांत निराधार झाली. त्यांपैकी जी लिनक्सकडे वळतील त्यांच्या धन्यांपुढे मांडणीचा प्रश्न येणारच. दुसरी घटना अधिक खोल थरातली आहे. एक्समध्ये कोणताही प्रोग्राम शेजारच्या खिडकीत दाबलेल्या कळा वाचू शकत असे. हा आणि असे इतर दोष मुळापासून काढण्यासाठी क्रिस्तियान होग्सबर्ग यांनी २००८ साली वेलँड या नव्या पडदा-व्यवस्थेचा आरंभ केला, आणि आता त्याचा अंमल पूर्ण होत आला आहे. २०२५ च्या सप्टेंबरात आलेल्या ग्नोम ४९ ने एक्सचे सत्र मुळातच बंद ठेवले, आणि प्लाझ्माच्या ६.८ या आवृत्तीत एक्सचे सत्र काढून टाकण्याचे केडीईनेही जाहीर केले. वेलँडमध्ये पडद्याचा कारभारी आणि विंडो मॅनेजर एकच होतात, त्यामुळे प्रत्येक डेस्कटॉपाला कारभारी स्वतः घडवावा किंवा दुसऱ्याचा जुळवून घ्यावा लागतो. ज्यांच्यामागे हात पुष्कळ आहेत त्यांनी तो स्वतः घडविला. माटे, एक्सएफसीई यांसारख्या लहान घरांची ती वाटचाल अजून चालू आहे. साधन एकाकडे आणि धोरण दुसऱ्याकडे, ही चार दशकांची वाटणी येथे संपते. निवड यापुढेही राहील. पण तिची किंमत कोणी तरी अधिक श्रमाने मोजत असेल, याची जाणीव निवडणाऱ्याने ठेवावी.

या ग्रंथात डेस्कटॉपांची गुणानुक्रमे यादी वाचकाला मिळणार नाही. प्रत्येक मांडणीला येथे तेच पाच प्रश्न विचारले आहेत : हाताच्या सवयीला ती किती मानते, यंत्राकडून किती मागते, मराठीला कशी वागविते, दृष्टी किंवा हात अधू असलेल्या माणसाला कितपत सामावून घेते, आणि तिच्या दुरुस्तीची हमी कोणाची आहे. उत्तरे मांडली आहेत. निवाडा वाचकाचा आहे. ज्यांनी पूर्वी लिनक्सला हातही लावला नाही त्यांनी भिण्याचे कारण नाही, आणि जे वर्षानुवर्षे एकाच मांडणीत रमले आहेत त्यांनीही शेजारचे घर एकदा आतून पाहावे, एवढी विनंती आहे.

ग्रंथाचे पहिले पान उलटण्यापूर्वी वाचकाने एक लहानसे काम करावे. आपल्या संगणकावर एक नवे, चाचणीपुरते खाते उघडावे आणि दुसरा एखादा डेस्कटॉप बसवावा. मग त्या खात्यातून एका मांडणीत शिरून, मनात येईल तो चार ओळींचा मराठी मजकूर लिहून जतन करावा, सत्र संपवावे, आणि त्याच खात्यात दुसऱ्या मांडणीने प्रवेश करून तो मजकूर पुन्हा उघडावा. पट्टी हललेली असेल, खिडकीची चौकट बदललेली असेल, हात क्षणभर चाचपडेल. पण चार ओळी काना-मात्रेचाही फरक न होता समोर येतील. डेस्क बदलले तरी वहीला धक्का लागत नाही, हे एकदा आपल्या डोळ्यांनी पाहिले म्हणजे पुढच्या साऱ्या प्रकरणांत सांगितलेली निवड वाचकाला स्वतःची वाटू लागेल.